दोन पाळ्यांचा एक लॅपटॉप

वाल्मिकचा हात आधी उठायचा आणि डोकं मागून यायचं. गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सहावीत असताना त्याने वर्गाच्या मॉनिटरच्या कपाळावर कंपासपेटी फोडली. सोळाव्या वर्षी सार्वजनिक नळावर त्याच्या आईला, प्रमिलाबाईला, एक जण वाकडं बोलला, तर त्या माणसाचं तोंड वाल्मिकने तोटीवर आपटलं; दोन दात तिथेच बादलीत पडले. आणि असलं काही करून घरी आला की त्याचा बाप उखा कमरेचा पट्टा काढून त्याला सोलून काढायचा. मारून मारून पोराची मारामारी घालवणार होता तो! कोण समजावणार त्याला?

उखाचाही राग कुठून तरी आलेलाच होता म्हणा. त्याचा डावा डोळा धोट्याने नेला होता. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा तो लाकडी धोटा, टोकाला लोखंड बसवलेलं. दिवसभर बिचारा सरळ पळतो, आणि एखाद्या वेळी वाट सोडून उडाला की समोरच्या माणसाचं जे मधे येईल ते घेऊन जातो. उखाचा डोळा गेला तेव्हा मास्तरने, म्हणजे कारखान्याच्या मुकादमाने, त्याला बाकड्यावर आडवा केला, तोंडावर चिंधी टाकली आणि आधी माग पुसायला माणूस लावला. कापडाला रक्त लागेल ना! वाल्मिक तेव्हा नऊ वर्षांचा होता, डबा घेऊन गेला होता, त्याने ते सगळं उभ्याउभ्या पाहिलं.

तर अशा या वाल्मिकला जगात एकच मित्र होता, आणि त्याचाच त्याने सत्यानाश केला. त्याचं नाव प्रवीण.

दोघांचं मूळ गाव अमळनेरकडचं, सोसायटीतली गल्ली एक, शेजारच्या उधन्यातल्या कापडाच्या कारखान्यात मागही एकच. एक दिवसपाळीला तर दुसरा रातपाळीला, आणि पंधरवड्याला अदलाबदल. माग प्रवीणच्या नावावर होता. मागाला कार्ड टांगलेलं असतं, त्यावर त्याचं एकट्याचं नाव. वाल्मिकने विणलेला कापडाचा ताकाही त्याच नावावर चढायचा आणि मग पैसे दोघं आपसांत वाटून घ्यायचे. सगळ्या कारखान्यांत असंच चालतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

दोघं बाहेरून कॉम्प्युटरची पदवी करत होते, आणि लॅपटॉपही एकच होता, प्रवीणच्या मामाने दिलेला जुनाट. तोही त्यांनी मागासारखाच चालवला. ज्याची कारखान्यात पाळी नाही, त्याची लॅपटॉपवर पाळी. झोप काढायची, उठायचं आणि बसायचं. लॅपटॉप कधी थंड होत नसे. त्यावर त्यांनी दीड वर्ष घासून एक ॲप बनवलं. फोन मागापाशी ठेवायचा. तो मागाचा आवाज ऐकत राहतो, आणि धोट्याची चाल बिघडायला लागली की उडण्याआधीच शिटी मारतो. उखाच्या डोळ्यावरून सुचलेली गोष्ट. नाव ठेवलं ‘कान’. ते ओपन सोर्स होतं, म्हणजे सगळा मजकूर इंटरनेटवर उघडा. कुणीही वाचा, वापरा, त्यात भर घाला. मालेगावच्या लोकांनी वापरलं, भिवंडीच्या वापरलं.

आणि एका संध्याकाळी प्रवीण पळत आला. “भो, बंगळुरूच्या कंपनीचा फोन आला! ‘कान’ बघितलं त्यांनी. सोमवारी आपल्याला बोलावलंय मुलाखतीला!”

वाल्मिकने त्याला मिठी मारली. मग घरी जाऊन फोनवर ‘कान’चं पान उघडलं. दीड वर्षात कधी बघितलं नव्हतं ते त्या दिवशी बघितलं. असल्या कामात दर वेळी थोडंथोडं काम जमा करायचं असतं, त्याला कमिट म्हणतात, आणि प्रत्येक कमिटला करणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आपोआप चिकटते. ‘कान’चे सहाशे बारा कमिट होते. सहाशे बाराच्या सहाशे बारा प्रवीणच्या नावावर. वाल्मिकचं नाव कुठेच नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. पोराने माझं नाव पुसलं! फोन येणार हे कळल्यावर बसून एकेक पुसलं! प्रमिलाबाई ताट वाढून थांबली होती, त्याने ताट भिंतीवर मारलं. विचारायचं होतं ना रे गाढवा, पन्नास पावलांवर तर राहत होता तो! पण नाही. हा रात्रभर धुमसत बसला आणि सकाळी सातला, पाळी बदलायच्या वेळी, कारखान्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला. हातात धोटा मारायची लाकडी काठी होती, मनगटाएवढी जाड.

प्रवीण रातपाळी करून डोळे चोळत बाहेर आला. पहिला फटका डाव्या कानावर बसला. प्रवीण गुडघ्यावर आला, कानातून रक्ताची धार लागली, आणि तो म्हणतोय, “काय झालं भो? काय झालं?” दुसरा फटका चुकवायला त्याने उजवा हात वर धरला. मग वाल्मिकने त्या हातालाच धरलं. जमिनीवर पाडून, मनगटावर पाय देऊन, बोटांवर काठी घातली. एकदा नाही, पाच-सहा वेळा. “याच हाताने पुसलंस ना? याच हाताने?” चौघांनी ओढला तेव्हा थांबला. आतला खडखडाट चालूच होता, त्यामुळे प्रवीणचं ओरडणं दारापलीकडे कुणाला ऐकूही गेलं नाही.

सोमवारी प्रवीण बंगळुरूला नाही, हॉस्पिटलात होता. डावा कान कायमचा गेला. उजव्या हाताची चार बोटं जुळली ती अर्धवट, ताठ. आठव्या दिवशी त्याच्या मोठ्या भावाने, हेमराजने, वाल्मिकला उधन्याच्या पुलाखाली गाठलं आणि लोखंडी पाइपाने त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. रस्त्यावर पाडून तोंडावर लाथा घातल्या त्या वेगळ्याच. दोन्हीकडचे पाव्हणेरावळे मधे पडले, पोलिसांत कुणी गेलं नाही, आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

दोन वर्षं गेली. प्रवीणला मागावर कुणी घेईना. तुटलेला धागा ज्याला बांधता येत नाही तो मागावर काय करणार? साडी मार्केटच्या एका दाराशी तो वॉचमनच्या स्टुलावर बसायला लागला. लॅपटॉप फडक्यात गुंडाळून ठेवला तो ठेवलाच. वाल्मिक तिथून रोज जायचा आणि रोज मनात म्हणायचा, चोर. हे म्हणणं त्याला फार गरजेचं होतं, बरं का. तो चोर नसता तर मग त्या सकाळी दाराशी झालं ते काय होतं?

म्हणून तर उधन्याच्या कॉलेजात हॅकेथॉन भरणार म्हणून कळल्यावर वाल्मिकने नाव दिलं. शनिवार-रविवार, दहा ते सहा, दोन दिवसांत काहीतरी बनवून दाखवायचं. बाकीचे चार-चार जणांच्या टोळीने आले. याच्याबरोबर कोण बसणार? नोंदणीच्या टेबलावर हर्षदा मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, “तुमची टीम कुठेय?”

“मी एकटाच आहे.”

“दोन दिवसांत एकट्याने होईल?”

“एकट्यानेच करायचंय,” वाल्मिक म्हणाला.

त्याने बनवायला घेतलं होतं ते असं. कुठलंही ओपन सोर्स काम त्याला द्या, ते सगळे कमिट चाळून सांगणार, खरं काम कुणी केलं आणि नाव कुणाचं लागलं. पहिली तपासणी, कोण कुठल्या वेळी काम करतं. दुसरी तपासणी वाल्मिकच्या खास डोक्यातली: त्या वेळी तो माणूस खरोखर कुठे होता, हे दुसऱ्या कागदाशी ताडून बघायचं. आणि तिसरी, कुणी मागाहून नावं बदलली का. मागाहून नाव बदललं की कमिटवर बदलल्याची दुसरी तारीख उमटते, ती लपत नाही. शनिवारभर तो कॉलेजच्या कॉम्प्युटरसमोरून जेवायलासुद्धा उठला नाही. आणलेल्या भाकरीचा तुकडा तोंडात धरून दोन हातांनी लिहीत होता. संध्याकाळपर्यंत दहा अनोळखी कामांवर तपासण्या चालवून बघितल्या, अगदी चोख चालल्या.

घरी येताना मात्र याला राहवलं नाही. चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून आला, “उद्या पाच वाजता या कॉलेजात. प्रवीणची चोरी पडद्यावर दाखवतो. आकड्यांनिशी.”

ते घरी प्रमिलाबाईच्या कानावर गेलं. तिने त्याचे दोन्ही हात धरून शपथ घातली. “भाऊ, तुले मन्ही आन शे. त्या पोरले आते सोड. आखो काय मोडनं बाकी शे त्यान्हं?”

“खरं काय ते दाखवतोय फक्त,” वाल्मिक म्हणाला आणि हात सोडवून घेतले.

रविवारी दुपारी एकला हेमराज आला. कॉलेजच्या जिन्यात त्याने वाल्मिकला गाठलं, आणि बोलण्याआधी डोकंच हाणलं त्याच्या तोंडावर. वाल्मिकचा ओठ फाटला. वाल्मिकने त्याचा गळा धरला, दोघं जिन्यावरून सात-आठ पायऱ्या गडगडत खाली आले. खाली हेमराज वर होता. त्याने वाल्मिकचं डोकं फरशीवर दोनदा आपटलं. वाल्मिकने गुडघा घातला, त्याच्या हाताचा चावा घेतला, तोंडात रक्त आलं ते कुणाचं तेही कळेना. हर्षदा मॅडम ओरडत आल्या, कॉलेजच्या वॉचमनने आणि पोरांनी दोघांना ओढून वेगळं केलं.

“मी पाच वाजता भाऊले लई येस,” हेमराज धापा टाकत म्हणाला; प्रवीणला घेऊनच येणार होता तो. त्याने खांद्यावरच्या पिशवीवर थाप मारली, आत लोखंड वाजलं. “त्यान्हं नाव चोर म्हणीसन तठे दिखनं ना, ते तुले जित्ता सोडाव नही. मंग मी तुरुंगमा सडस.”

हर्षदा मॅडम म्हणाल्या पोलिसांना बोलावते. वाल्मिक म्हणाला, “नको मॅडम. पाच वाजेपर्यंत मला बसू द्या.” त्याने ओठावर रुमाल दाबला आणि जाग्यावर येऊन बसला. रुमालातून थेंब कीबोर्डवर पडत होते.

आता ‘कान’वर तपासणी चालवायची. हे त्याने शेवटाला राखून ठेवलं होतं, सणाच्या गोडासारखं.

पहिल्या तपासणीचं चित्र पडद्यावर आलं. प्रवीण नावाचा हा माणूस चोवीस तास काम करत होता. सकाळी करतो, दुपारी करतो, पहाटे तीनला करतो. वाल्मिक फाटक्या ओठाने हसला. दुसऱ्या तपासणीसाठी त्याने कारखान्याच्या भिंतीवर लागणाऱ्या पाळीच्या कागदांचे फोटो जमवले होते, दीड वर्षाचे, मास्तरच्या हाताखालच्या माणसाला गोंजारून. ते भरले. सहाशे बारापैकी तीनशे नऊ कमिट अशा वेळेचे निघाले, जेव्हा प्रवीण उधन्यात मागासमोर उभा होता. तीनशे नऊ! म्हणजे ते माझे! त्याने टेबलावर मूठ आपटली, शेजारच्या टोळीच्या पाण्याच्या बाटल्या पडल्या.

मग तिसरी. मागाहून नावं किती बदलली?

शून्य.

काहीतरी चुकलं असेल. त्याने पुन्हा चालवली. शून्य. स्वतःच्या लिखाणात चूक शोधली, सापडली नाही. एकेक कमिट उघडून तारखा डोळ्यांनी बघितल्या. कुठेही दुसरी तारीख नाही. प्रवीणने काही पुसलं नव्हतं. नाव पहिल्या क्षणापासून तेच लागत होतं, लॅपटॉपच लावत होता.

मग लॅपटॉपला ते नाव सांगितलं कुणी?

त्याने अगदी पहिला कमिट उघडला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर तिसरा दिवस, सकाळचे अकरा वीस. पाळीचा कागद बघितला. त्या पंधरवड्यात प्रवीण दिवसपाळीला होता. म्हणजे अकरा वीसला तो मागावर होता, आणि लॅपटॉप वाल्मिकच्या मांडीवर.

अरे देवा! आठवलं ना मग सगळं. आखाजीला गावाहून आणलेल्या सांजोऱ्यांचा डबा बाजूला, प्रमिलाबाई चुलीशी, आणि पहिल्यांदाच काम जमा करताना पडद्यावर इंग्रजीत आलेलं, आधी नाव सांगा. आणि याने दोन बोटांनी नाव टाकलं होतं, प्रवीण. यंत्र ज्याचं त्याचं नाव. मागाच्या कार्डावर लिहितात तसंच. एक क्षणही विचार करावा लागला नव्हता त्याला. प्रवीणनेही कधी बघितलं असेल तर त्यालाही त्यात काही वाटलं नसेल; मागावर तरी कुठे दोन नावं असतात?

आणि तो पळत आला होता तेव्हा काय म्हणाला होता? आपल्याला बोलावलंय. आपल्याला!

 वाल्मिक उठून बेसिनपाशी गेला आणि भडाभडा ओकला. आरशात बघवेना. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

खोटं कशाला सांगू, परत येऊन बसल्यावर त्याने तिसरी तपासणी पुसायला बोट ठेवलं होतं. दोनच ओळी होत्या. त्या काढल्या की उरतं काय? तीनशे नऊ कमिट वाल्मिकचे आणि नाव प्रवीणचं. बघणाऱ्याला अजून काय पाहिजे! चोर तो चोरच राहिला असता, आणि ती सकाळही मग जशीच्या तशी राहिली असती, समजण्यासारखी. किंवा ‘कान’ दाखवायचंच नाही, ती दहा अनोळखी कामं दाखवायची आणि घरी जायचं. बोट बराच वेळ तिथेच होतं.

पाच वाजता त्याचं नाव पुकारलं. शर्टावर रक्त वाळलेलं, ओठ सुजून वांगं झालेला. मागच्या रांगेत हेमराज उभा, पिशवी पुढ्यात. त्याच्या शेजारी प्रवीण, वॉचमनच्या खाकी शर्टातच.

“हे ‘कान’ नावाचं काम,” वाल्मिकने सुरुवात केली. माइक किंचाळला. “यातलं निम्मं मी केलं आणि निम्मं माझ्या दोस्ताने. नाव सगळीकडे दोस्ताचं आहे. मी दोन वर्षं गावभर सांगत फिरलो की त्याने माझं नाव पुसलं. त्यासाठी मी त्याला...” त्याने माइक दुसऱ्या हातात घेतला. “त्याचा कान फोडला. हात मोडला. ही तिसरी तपासणी बघा. पुसलेली नावं शून्य. नाव मीच टाकलं होतं. पहिल्या दिवशी, माझ्या हाताने. त्याने काही केलेलं नाही. काहीच नाही.”

 हेमराजने पिशवीत घातलेला हात तसाच राहिला. आणि प्रवीण, चांगला कान पुढे करून, भावाला विचारत होता, “काय म्हने तो? माले समजनं नही. काय म्हने?”

हेमराजने नुसतं वाल्मिककडे बोट दाखवलं. 

वाल्मिक खाली उतरला. खुर्च्यांमधून चालत मागे गेला. हेमराजने त्याला अडवलं नाही. तो प्रवीणच्या उजव्या बाजूला उभा राहिला, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. आखाजी, सांजोऱ्या, अकरा वीस, दोन बोटं. प्रवीणने पूर्ण ऐकून घेतलं.

मग त्याने उजवा हात मागे घेतला आणि वाल्मिकच्या तोंडावर मारला.

लागलंच नाही. मूठ वळलीच नव्हती. ताठ बोटांचा तो पंजा गालावर आपटला आणि घसरून खाली गेला. उखाचा पट्टा, हेमराजचा पाइप, सगळं अंगावर घेतलेला वाल्मिक त्या मारावर लहान पोरासारखा हमसून रडायला लागला.

“मार ना,” तो म्हणाला. “पुन्हा मार. जोरात मार.” त्याने प्रवीणचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि त्याची बोटं एकेक करून आत वळवायला लागला, मूठ करून द्यायला. करंगळी वळली. पुढचं वळलं. पहिली दोन दाबली की करंगळी पुन्हा उघडत होती. तो पुन्हा तिला वळवत होता.

“सोड ना भो,” प्रवीण म्हणाला. “दुखस.”